आधी कोण, मग कोण : एनेबल पिनची वागणूक

संगणक दुरुस्त करणाऱ्याला हिरवी तार ठाऊक असते. सप्लाय जिवंत आहे की मेला, हे पाहायचे असेल तर मदरबोर्डाला जाणारा २४ पिनांचा कनेक्टर काढायचा, तारेच्या तुकड्याने हिरवी पिन काळ्या पिनेला जोडायची आणि पंखा फिरतो का ते पाहायचे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळीकडे ही चाचणी अशीच होते. हिरवी तार ग्राउंडला लागली की १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य सप्लाय जागे होतात. तोवर फक्त जांभळ्या तारेवरचा ५ व्होल्टचा स्टँडबाय चालू असतो. त्याच कनेक्टरवर एक करडी तारही असते, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. सगळी व्होल्टेज जागेवर आली आणि थोडा वेळ स्थिर राहिली की ती हाय होते. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स पद्धतीत या थांबण्याला १०० ते ५०० मिलिसेकंदांची मुभा होती. करड्या तारेचा निरोप आल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला रिसेटमधून बाहेर काढत नाही.

हिरवी तार म्हणजे आज्ञा आणि करडी तार म्हणजे कबुली. हीच जोडी आज तांदळाच्या दाण्याएवढ्या रेग्युलेटर चिपवर आली आहे. आज्ञेच्या पिनेला आपण एनेबल म्हणतो आणि कबुलीच्या पिनेला पॉवर-गुड. ही पुस्तिका मुख्यतः पहिल्या पिनेबद्दल आहे, कारण अनेक सप्लाय ठरलेल्या क्रमाने चालू करायचे असतात तेव्हा बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

घोटाळे होण्याचे कारण सरळ आहे. डिप्लोमाला किंवा पदवीला रेग्युलेटर म्हणून जे शिकवले जाते ते ७८०५ आणि एलएम३१७. दोघांनाही तीनच पाय, एनेबल नाहीच. विद्यार्थी नोकरीला लागतो, पहिल्यांदा आठ किंवा सोळा पायांची बक कन्व्हर्टर चिप हातात घेतो, पिनांच्या तक्त्यात एनेबलपुढे लिहिलेली अर्धी ओळ वाचतो आणि ती पिन इनपुटला जोडून पुढच्या कामाला लागतो. एकच रेल असेल तोपर्यंत हे खपून जाते. बोर्डावर सहा-सात रेल आल्या, त्यांचा आधी-मागचा क्रम ठरवायची वेळ आली, की ती अर्धी ओळ पुरत नाही.

क्रमाचा प्रश्न नवा नाही. सत्तरच्या दशकात मॉस्टेकने ४११६ ही १६ किलोबिटांची मेमरी चिप काढली. तिला अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ असे तीन सप्लाय लागत. उणे ५ व्होल्ट आधी आले पाहिजेत आणि सर्वांत शेवटी गेले पाहिजेत, अशी अट होती. तो सप्लाय चिपच्या सिलिकॉनच्या पायथ्यालाच बायस देत असे. तो नसताना १२ व्होल्ट आले की चिपमधून नको इतका प्रवाह वाहून ती जळे. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात याच चिपा होत्या. तिथला उणे ५ व्होल्ट तयार करणारा छोटा सर्किटभाग गेला की मेमरीही जाते, हे जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांना आजही माहीत आहे. इंटेलच्या ८०८० ला असेच तीन सप्लाय लागत. १९७६ मध्ये ८०८५ आला आणि एकट्या ५ व्होल्टवर चालू लागला. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या त्याच ८०८५ वर शिकल्या. तेव्हा ५ व्होल्ट द्यायचे आणि विसरून जायचे. ती सवय अजून अभ्यासक्रमात शिल्लक आहे, पण बोर्डावरून ते दिवस गेले.

आजचे उदाहरण म्हणून आर्टिक्स-७ ही एफपीजीए घ्या. तिचा गाभा आणि ब्लॉक रॅम १.० व्होल्टवर चालतात, सहायक भागाला १.८ व्होल्ट लागतात, आणि इनपुट-आउटपुट बँकांना गरजेप्रमाणे १.२ ते ३.३ व्होल्ट. कंपनीने सुचवलेला क्रम असा : आधी गाभा, मग ब्लॉक रॅम, मग सहायक, शेवटी इनपुट-आउटपुट. बंद करताना उलटा. असे केले तर सुरुवातीचा प्रवाह कमीत कमी राहतो आणि पिना कुठल्याही बाजूला न झुकता तरंगत्या राहतात. इथवर ही शिफारस आहे. पुढची गोष्ट मात्र अट आहे, आणि तीच लोक वाचत नाहीत. इनपुट-आउटपुटचे व्होल्टेज सहायक व्होल्टेजपेक्षा २.६२५ व्होल्टहून जास्त वर राहता कामा नये. राहिलेच, तर चालू-बंदच्या एका फेरीत मिळून ठरावीक वेळेपुरतेच. चिपचे तापमान ८५ अंश असेल तर ८०० मिलिसेकंद, १०० अंशांना ५००, १२५ अंशांना ३००. आता ३.३ व्होल्टची रेल आली आणि १.८ व्होल्टची आलीच नाही, असे समजा. फरक सरळ ३.३ व्होल्ट. बोर्ड चालतो, चाचणीत उत्तीर्ण होतो, गिऱ्हाइकाकडे जातो. आणि दर वेळी चालू होताना एफपीजीएच्या आयुष्यातून थोडे थोडे कापले जाते. असला दोष टेबलावर पकडणे फार कठीण, म्हणून तो नकाशा काढतानाच टाळावा लागतो.

हे सगळे ज्या पिनेवर अवलंबून आहे ती आतून कशी असते ते पाहू. एनेबलला आपण बटण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याच चिपांत तिच्यामागे एक कम्पॅरेटर असतो, त्याचा थ्रेशोल्ड असतो, खाली उतरतानाचा वेगळा थ्रेशोल्ड असतो, आणि पिनेत प्रवाह सोडणारा किंवा पिनेतून ओढणारा एक लहानसा भाग असतो. शिवाय हा सारा संसार त्याच चिपच्या इनपुटवर चालतो. इनपुट अर्धवट आले असताना कम्पॅरेटर स्वतःच नीट जागा नसतो. त्यामुळे प्रत्येक एनेबल पिनेला विचारायचा पहिला प्रश्न असा : तुला कोणीच काही सांगितले नाही, तर तू काय करशील? सप्लायचा क्रम बिघडतो तो बहुधा पहिल्या काही मिलिसेकंदांत, आणि तेव्हा सांगणारे अजून झोपेतच असतात.

या प्रश्नाची उत्तरे चिपेगणिक बदलतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस५४३३१ ही २८ व्होल्टपर्यंत चालणारी, ३ अँपिअरची बक चिप. तिची एनेबल मोकळी सोडली तर चिप चालू होते, कारण आतून सुमारे १ मायक्रोअँपिअरचा प्रवाह पिनेला वर ओढतो. थ्रेशोल्ड १.२५ व्होल्टच्या आसपास आहे. तो ओलांडला की आतून आणखी ३ मायक्रोअँपिअर सोडले जातात, म्हणजे पिन आपल्या निर्णयावर अधिक ठाम होते. त्याच कंपनीच्या टीपीएस६२१३० मध्ये आत सुमारे ४०० किलोओहमचा पुल-डाउन आहे. पिन आधी लो असेल आणि मग सोडून दिली तर ती लोच राहते. पण पिन हाय झाली की तो रेझिस्टर आतून सुटतो. असे करण्यामागे काटकसर आहे. ही चिप कामाखेरीज जेमतेम १७ मायक्रोअँपिअर खाते. ५ व्होल्टच्या एनेबलला तो रेझिस्टर कायम जोडलेला ठेवला तर एकटाच १२ मायक्रोअँपिअरच्या वर घेईल. परिणाम असा, की हाय असताना पिन सोडून दिली तर तिला खाली आणणारे कोणीच उरत नाही, आणि पुढे काय होईल ते त्या क्षणाच्या आधी काय झाले होते त्यावर ठरते. तिसरी चिप एलएम२५९६. बाजारात निळ्या पोटेन्शिओमीटरसह मिळणाऱ्या स्वस्त मोड्यूलमुळे ती घराघरातल्या छंदिष्टांपर्यंत पोहोचली आहे. तिच्या पाचव्या पायाचा न्याय उलटा : ०.६ व्होल्टच्या खाली असेल तर चिप चालू, २ व्होल्टच्या वर गेला तर बंद, मोकळा सोडला तर चालू.

तीन चिपा, तीन स्वभाव. पहिली काही न सांगता चालू होते, दुसरी बंद राहते पण एकदा जागी झाल्यावर सोडून दिली तर भरवशाची नाही, तिसरीला तर बंद करायलाच व्होल्टेज द्यावे लागते. एकाच बोर्डावर या तिघी आल्या आणि एकाच मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवर टांगल्या, तर कोण आधी उठेल याचे उत्तर प्रोग्रॅममध्ये सापडणार नाही.

मोकळे सोडल्यावर आपोआप चालू होण्याचे परिणाम आपल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर भोगले आहेत. भारनियमन संपून वीज परत आली की ऑटोस्विच लावलेले सगळे कृषिपंप एकाच क्षणी उचल घेतात, व्होल्टेज कोसळते, रोहित्र जळते. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत असते. बोर्डावर पंपांच्या जागी आउटपुटचे कपॅसिटर असतात. एका रेलवर १००० मायक्रोफॅरड असतील आणि ती १ मिलिसेकंदात शून्यावरून ३.३ व्होल्टवर गेली, तर नुसते कपॅसिटर भरायला ३.३ अँपिअर लागतात. तेच काम ५ मिलिसेकंदांत केले तर पाऊण अँपिअरही लागत नाही. अशा चार रेल एकदम उठल्या की इनपुट बसते, चिपा स्वतःच्या संरक्षणापायी बंद पडतात, भार हटताच इनपुट सावरते आणि पुन्हा सगळ्या एकदम उठतात. बोर्ड चालूही होत नाही आणि बंदही राहत नाही, नुसता धडधडत राहतो.

मायक्रोकंट्रोलरकडून क्रम ठरवण्यात आणखी एक खाच आहे. रिसेटमध्ये असताना त्याच्या बहुतेक पिना तरंगत्या असतात. अर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी घ्या : वीज आल्यावर प्रोग्रॅम सुरू होण्याआधी तो ठरवूनच सुमारे ६५ मिलिसेकंद थांबतो, आणि त्या वेळात त्याच्या पिना कोणालाच काही सांगत नाहीत. अशा पिनेवर टीपीएस५४३३१ ची एनेबल नुसत्या तारेने जोडली आहे, आणि कोडची पहिलीच ओळ 'ही रेल बंद ठेव' अशी आहे. स्कोपवर काय दिसते? वीज येते, पिन तरंगत असल्याने चिपच्या आतला मायक्रोअँपिअर तिला वर नेतो, रेल पूर्ण व्होल्टेजला पोहोचते. ६५ मिलिसेकंद उलटतात, कोडची पहिली ओळ चालते, रेल कोसळते. मग ठरलेल्या क्रमाने तिची पाळी आली की ती पुन्हा उठते. कोड लिहिणारा शपथेवर सांगतो की रेल एकदाच चालू केली, आणि तो खरेच बोलत असतो. पहिली उचल पिनेने स्वतःच्या स्वभावाने घेतली होती.

उपाय म्हणजे पिनेला खाली धरणारा रेझिस्टर. पण केवढा? इथे आकडे मांडल्याशिवाय सुटका नाही. आतून १ मायक्रोअँपिअर येतो आहे. १० किलोओहम लावला तर पिनेवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे निवांत बंद. वीज वाचवायची म्हणून कोणी १ मेगओहम लावला तर पिनेवर १ व्होल्ट, आणि थ्रेशोल्ड १.२५. कागदावर हे बंद आहे. पण १ मायक्रोअँपिअर हा नमुन्याचा आकडा आहे. प्रत्येक चिपला आणि प्रत्येक तापमानाला तो तंतोतंत तेवढाच राहील, असे वचन कोणी दिलेले नाही. २.२ मेगओहम लावला तर चिप चालूच होणार.

हाच १ मेगओहम न बोलावताही येतो. सोल्डरिंगनंतर फ्लक्स नीट धुतला नाही, पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेतला ओलावा त्यावर बसला, की पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मेगओहमच्या घरातली गळती तयार होऊ शकते. मोकळी सोडून चालू राहणारी चिप तेवढ्यानेही उठत नाही. दुरुस्तीला आणल्यावर हेअर ड्रायरचा गरम झोत लागतो, ओलावा उडतो, बोर्ड चालू होतो, आणि कारण कोणालाच कळत नाही.

तिसऱ्या वाटेने तो आपल्याच हातातून येतो. स्कोपचा प्रोब १० पटींच्या जागेवर असेल तर सर्किटवर त्याचा भार १० मेगओहमचा. बाजूची कळ सरकून १ पटीवर असेल तर भार १ मेगओहम. आता हा प्रोब टीपीएस५४३३१ च्या मोकळ्या एनेबलवर आधी लावला आणि मग वीज दिली, तर पिन १ व्होल्टला अडकते आणि चिप सुरूच होत नाही. वीज आधी देऊन, चिप चालू झाल्यावर प्रोब लावला, तर आतला प्रवाह एव्हाना ४ मायक्रोअँपिअर झालेला असतो, पिनेवर ४ व्होल्ट दिसतात आणि चिप सुखाने चालत राहते. तोच प्रोब, तीच चिप, फक्त हाताच्या क्रमाने उत्तर बदलले. प्रयोगशाळेत 'मोजायला गेलो की बिघडते' अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. या पुस्तिकेतला पहिला प्रयोग मी मुद्दाम हाच ठेवला आहे. तो एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिला की एनेबल पिनेला पुन्हा कोणी बटण म्हणणार नाही.

क्रम लावण्याची सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे एनेबलवर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. स्वस्त आहे, जागा कमी लागते, आणि पुष्कळदा चालते. तिचा हिशेबही मांडून पाहा. ५ व्होल्ट, १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर १.२५ व्होल्टच्या काटेकोर थ्रेशोल्डला पोहोचायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. पण सगळ्या चिपांचे थ्रेशोल्ड काटेकोर नसतात. डेटाशीटमध्ये '०.४ व्होल्टच्या खाली नक्की बंद, १.५ च्या वर नक्की चालू' एवढेच लिहिले असेल, तर मधल्या पट्ट्यात चिप कुठेही चालू होऊ शकते. म्हणजे तोच रेझिस्टर आणि तोच कपॅसिटर असताना विलंब ८ मिलिसेकंदांपासून ३६ मिलिसेकंदांपर्यंत काहीही निघेल. त्यात सिरॅमिक कपॅसिटरची १० किंवा २० टक्क्यांची सूट, आणि व्होल्टेज चढल्यावर त्याची घटणारी क्षमता मिळवा. दोन रेलमध्ये १० मिलिसेकंदांचे अंतर ठेवायचे ठरवले असेल, तर काही बोर्डांवर त्या जागाही बदलतील.

याच रीतीचा दुसरा दोष दिवे लुकलुकतात त्या संध्याकाळी दिसतो. वीज गेली आणि ५० मिलिसेकंदांत परत आली. एवढ्या वेळात तो कपॅसिटर ५ वरून जेमतेम ३ व्होल्टपर्यंतच उतरलेला असतो. वीज परत येते तेव्हा एनेबल आधीच हाय असते, विलंब शून्य होतो आणि सगळ्या रेल एकदम उठतात. रेझिस्टरला समांतर एक डायोड लावला तर इनपुट पडताच कपॅसिटर त्यातून रिकामा होतो. एका डायोडचे काम, पण मला पाहायला मिळालेल्या किती तरी नकाशांत तो नसतो.

म्हणून जाणकार एका चिपची पॉवर-गुड दुसरीच्या एनेबलला जोडतात. पहिली रेल खरोखर जागेवर आली तरच दुसरी उठेल, ही रीत विलंबाच्या अंदाजापेक्षा केव्हाही सरस. बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचा नकाशा सर्वांना खुला आहे. तिथे पॉवर मॅनेजमेंट चिपची ३.३ व्होल्टची रेल एकटी सगळ्या बोर्डाला पुरत नाही, म्हणून वेगळ्या रेग्युलेटरवरून दुसरी ३.३ व्होल्टची रेल दिली आहे, आणि ती पहिलीच्या लगेच मागून उठते. दोन्ही एकाच व्होल्टेजच्या, तरी त्यांचा क्रम ठरलेला आहे. विद्यार्थ्यांनी तो नकाशा समोर ठेवून ही साखळी बोटाने शोधावी.

पॉवर-गुडची साखळीही डोळे झाकून लावता येत नाही. ही पिन बहुधा ओपन-ड्रेन असते : ती फक्त खाली ओढू शकते, वर नेण्याचे काम बाहेरचा पुल-अप करतो. हा पुल-अप कुठे बांधला, यावर सारे ठरते. १.० व्होल्टच्या रेलची पॉवर-गुड त्याच १.० व्होल्टला बांधली आणि पुढच्या चिपचा थ्रेशोल्ड १.२५ असला, तर साखळी तिथेच तुटली. पुढची चिप कधीच उठणार नाही. तो कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टला बांधला, तर उलटी अडचण. पहिल्या चिपला स्वतःचे इनपुट पुरेसे मिळेपर्यंत तिचा आतला ट्रान्झिस्टर काहीही खाली ओढू शकत नाही. तेवढा वेळ पुल-अप एकटाच राज्य करतो, पॉवर-गुड खोटी हाय दिसते आणि दुसरी रेल पहिलीच्या आधी उठते. स्कोपवर हा खोटा उंचवटा अरुंद दिसतो, पण त्यामागे उभ्या असलेल्या चिपला तो पुरतो.

बंद होण्याच्या वेळी ही साखळी आणखी उघडी पडते. इनपुट गेले की पहिली रेल आधी पडते, तिची पॉवर-गुड लो होते, मग दुसरी पडते. उठताना जो क्रम होता तोच पडतानाही मिळतो, आणि आर्टिक्स-७ ला तर उलटा हवा असतो. त्यासाठी खास सिक्वेन्सर चिपा आहेत. एलएम३८८० ही सहा पायांची इवलीशी चिप तीन एनेबल सांभाळते : चालू करताना एक, दोन, तीन, बंद करताना तीन, दोन, एक. प्रत्येक पायरीचा विलंब चिप विकत घेतानाच ठरवायचा असतो, १०, ३०, ६० किंवा १२० मिलिसेकंद. माझे मत विचाराल तर तीन रेलच्या बोर्डावर रेझिस्टर-कपॅसिटरची जुळवाजुळव करण्यापेक्षा ही एक चिप लावावी. अर्थात एनेबल लो केल्याने रेल लगेच शून्यावर येत नाही. आउटपुटचे कपॅसिटर भारातूनच रिकामे होतात, आणि भार हलका असेल तर कित्येक सेकंद व्होल्टेज रेंगाळते. काही चिपांत बंद होताना आउटपुट रिकामे करणारा भाग असतो. तुमच्या चिपमध्ये तो आहे का, हे पाहूनच उलट्या क्रमावर विश्वास ठेवावा.

एनेबलचा मला सर्वांत आवडणारा उपयोग क्रमाच्या थोडा पलीकडचा आहे. थ्रेशोल्ड काटेकोर असेल तर दोन रेझिस्टरांनी ती पिन इनपुटवर पहारा देऊ शकते. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे, ती १०.५ व्होल्टच्या खाली ओढायची नाही, आणि ११.५ च्या वर आल्याशिवाय पुन्हा चालू करायचे नाही. टीपीएस५४३३१ च्या आतले ३ मायक्रोअँपिअर इथे कामाला येतात. १ व्होल्टचे अंतर हवे, भागिले ३ मायक्रोअँपिअर, म्हणजे वरचा रेझिस्टर सुमारे ३३३ किलोओहम. बाजारात ३३२ मिळतो. खालचा हिशेबाने ३९.२ किलोओहम येतो आणि तो मिळतोही. बॅटरी घसरत गेली की चिप एकदाच, स्वच्छपणे बंद होते. भार हटल्यावर बॅटरी अर्धा व्होल्ट सावरली म्हणून पुन्हा पुन्हा उठून बसत नाही. सौर पॅनेलवर सकाळी हळूहळू चढणाऱ्या व्होल्टेजलाही हाच पहारा चालतो. हेच दोन रेझिस्टर आणखी एका संकटातून वाचवतात. या चिपच्या एनेबलला ६ व्होल्टच्या वर सहन होत नाही, आणि इनपुट २८ पर्यंत जाऊ शकते. टीपीएस६२१३० ची एनेबल थेट इनपुटला बांधलेली चालते, ते पाहून इथेही तसेच केले तर चिप पहिल्याच विजेला जाते.

एका गोष्टीबद्दल वाचकाला आधीच सावध करतो, कारण ती एनेबलवर कितीही मेहनत घेतली तरी मागच्या दाराने येते. ३.३ व्होल्टवर जागी असलेली एक चिप आपली सिग्नलची तार हाय ठेवते. तारेच्या दुसऱ्या टोकाची चिप अजून बंद आहे. तिच्या पिनेवरचा संरक्षक डायोड तो प्रवाह तिच्या रेलवर नेऊन सोडतो आणि बंद असायला हवी ती रेल दोन-अडीच व्होल्टला तरंगू लागते. त्या रेलवर पुढची एनेबल बांधलेली असेल तर तिला वाटते पाळी आली. प्रवाह जास्त असेल तर सीमॉस चिप लॅच-अपमध्ये जाऊ शकते, मग वीज पूर्ण काढल्याशिवाय सुटका नाही. अर्धवट भरलेल्या अशा रेलवर रेग्युलेटर सुरू करणे हाही वेगळा विषय आहे. त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, इथे एवढेच पुरे.

ही पुस्तिका पॉवर सप्लायचे पाठ्यपुस्तक नाही. इंडक्टर कसा निवडावा, लूप स्थिर आहे की नाही, ट्रॅकिंगने दोन रेल समांतर कशा चढवाव्यात, पीएमबसवरून दहा-दहा रेल कशा हाताळाव्यात, हे विषय इथे जवळजवळ नाहीत. जे आहे ते एका पिनेभोवती आहे, आणि जिथे चिपेचे नाव घेतले आहे तिथे तिचे आकडेही दिले आहेत. वाचणाऱ्याने आपल्या हातातल्या चिपेची डेटाशीट शेजारी ठेवावी, कारण नावाचा शेवटचा अंक बदलला तरी एनेबलचा स्वभाव बदलू शकतो. प्रयोगांना लागणारे सामान किरकोळ आहे. स्कोप मात्र हवा, चार चॅनेलचा असेल तर उत्तम : इनपुट, एनेबल, आउटपुट आणि पॉवर-गुड एकाच पडद्यावर, १० मिलिसेकंदांच्या घरांवर, एकाच ट्रिगरने. स्कोप नसेल तर जवळच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत विचारा. तासाभरासाठी मिळण्यासारखा असतो.

वाचकांकडे एक मागणे आहे. पुढचा नकाशा काढाल तेव्हा प्रत्येक एनेबल पिनेच्या शेजारी दोन गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहा : मोकळी सोडली तर ही चालू होते की बंद राहते, आणि रिसेटच्या काळात हिला धरून ठेवणारा रेझिस्टर कोणता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तर बोर्ड बनवायला टाकू नका. आणि या पुस्तिकेतला एखादा आकडा तुमच्या स्कोपवर वेगळा निघाला, तर चिपेचे पूर्ण नाव आणि पडद्याचा फोटो प्रकाशकांकडे जरूर पाठवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.